बायबलाचा अर्थ कोणी लावावा?

काही वर्षांपूर्वी माझी एक जुनी विद्यार्थिनी सायंकाळी घरी आली. हिंगोलीच्या शाळेत मी तिला मराठी शिकविले होते. ती प्रॉटेस्टंट ख्रिस्ती घराण्यातील. विवाह मात्र कॅथलिक कुटुंबात झालेला. तिचे सासरे नुकतेच वारले होते. सासूबाईंनी त्यांच्या आत्म्याच्या शांतीसाठी मिस्सा ठरविली होती, व सुनेने त्या प्रार्थनेत मनापासून सामील व्हावे अशी त्यांची अपेक्षा होती. माहेरी या मुलीला असे शिकविलेले, की मनुष्य मृत्यू पावला म्हणजे त्याचा न्याय देवाच्या हाती जातो. मागे राहिलेल्यांनी कितीही प्रार्थना केली तरी त्यात फरक पडत नाही. तिने सासूबाईंना नम्रपणे विचारले, "हे बायबलात कोठे लिहिले आहे?" सासूबाईंनी आपली प्रत उघडून मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथाचा बारावा अध्याय दाखविला. मुलीने माहेरून आणलेल्या प्रतीत तो ग्रंथ शोधला. तो तेथे नव्हताच.

"गुरुजी," ती मला म्हणाली, "माझ्या पुस्तकातली पाने कोणी फाडली, की त्यांच्या पुस्तकात कोणी नवी घातली?"

मी ख्रिस्ती नव्हे. संत नामदेवांच्या नर्सीची वाट तुडवीत वाढलेला एक वारकरी. बायबलाशी माझा परिचय वाचकाचा, अधिकाऱ्याचा नव्हे. तरी प्रश्न विद्यार्थिनीचा होता, आणि त्याचे उत्तर देणे हे माझे कामच. त्या निमित्ताने जे वाचले व समजले, ते आज आपणांपुढे मांडीत आहे.

प्रथम तिच्या पानांचा निकाल लावू. नव्या करारात दोन्ही पंथांची सत्तावीसच पुस्तके आहेत. भेद आहे तो जुन्या कराराविषयी. प्रॉटेस्टंटांच्या जुन्या करारात ३९ पुस्तके, कॅथलिकांच्या ४६. ख्रिस्तपूर्व काळी ग्रीक बोलणाऱ्या यहुदी लोकांत जो ग्रंथसंग्रह प्रचलित होता, त्यात टोबीत, यहुदीत, शलमोनाचे ज्ञान, बेनसिराचे बोधवचन, बारूख आणि मक्काबींचे दोन ग्रंथ होते; हिब्रू संग्रहात ते नव्हते. पाचव्या शतकाच्या आरंभीच या सात पुस्तकांवरून दोन थोर पुरुषांत मतभेद होता. लॅटिन भाषांतर करणारा संत जेरोम हिब्रू संग्रहाकडे झुकला, संत ऑगस्टीन मोठ्या संग्रहाकडे. म्हणजे भांडण लूथरने सुरू केले असे जे म्हणतात ते पूर्ण खरे नव्हे. लूथरने १५३४ च्या आपल्या जर्मन बायबलात ही पुस्तके दोन्ही करारांच्या मध्ये वेगळी छापली आणि सांगितले की ती वाचावयास चांगली, परंतु शास्त्राच्या योग्यतेची नव्हेत. उलट पक्षी ट्रेंट येथील परिषदेने १५४६ साली ती शास्त्रच होत असा निर्णय दिला. पुढे १८०४ साली स्थापन झालेल्या ब्रिटिश आणि फॉरेन बायबल सोसायटीने १८२६ च्या सुमारास ही पुस्तके छापण्यासाठी आपला पैसा वापरावयाचा नाही असे ठरविले. तेव्हा पाने कोणी फाडली नव्हती. छापणाऱ्यांनी ती छापलीच नव्हती.

आता त्या बाराव्या अध्यायात आहे तरी काय? यहुदा मक्काबी या सेनापतीचे काही सैनिक युद्धात पडले. त्यांच्या वस्त्रांखाली मूर्तिपूजकांचे ताईत सापडले. तेव्हा सेनापतीने वर्गणी जमवून त्यांच्या पापाबद्दल बलिदान व्हावे म्हणून ती यरुशलेमला पाठविली, व मृतांसाठी प्रार्थना करविली. श्राद्धपक्ष पाळणाऱ्या आपणांस यात नवल वाटणार नाही. पण ज्याच्या हातातील बायबलात हा अध्यायच नाही, त्याने मृतांसाठी प्रार्थना करण्याचा आधार कोठे शोधावा? पानांच्या हिशेबातून एका घरातील सासूसुनेत अंतर पडते ते असे.

याहून खोल प्रश्न पुस्तकांच्या संख्येचा नाही, अधिकाराचा आहे. ट्रेंटच्या त्याच परिषदेने असेही ठरविले, की धर्ममंडळाने जो अर्थ मानला व मानीत आहे, त्याच्या विरुद्ध अर्थ कोणी स्वमताने लावू नये. लूथरचे म्हणणे उलट: शास्त्र स्वतःच प्रमाण, पोप आणि परिषदा चुकू शकतात. आपल्याकडे पाहा. शके १५०६ मध्ये नाथांनी ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला आणि संप्रदायाने तो मानला. गीता एक, पण शंकराचार्यांस तीत अद्वैत दिसले, मध्वाचार्यांस द्वैत. गुरूच्या मुखातून अर्थ घ्यावा की ग्रंथ एकट्याने उघडावा, हा प्रश्न आपल्या दिंडीतही उभा राहतो. फक्त आपण त्यावरून वेगळ्या देवळांची वर्गणी काढीत नाही. अर्थात काढीत नाही हेही फार अभिमानाने सांगण्यात अर्थ नाही. आपली भांडणे निराळ्या पायरीवर होतात.

ज्यांनी हा ग्रंथ मराठीत आणला, त्यांना एकेका शब्दापाशी हा वाद भेटला असला पाहिजे. नव्या करारात येशूच्या भावांचा उल्लेख आहे, त्यांची नावेही दिली आहेत. कॅथलिक मत असे की मरिया आजन्म कुमारी होती. म्हणून हे चुलत वा मावस भाऊ. प्रॉटेस्टंटांपैकी बहुतेक म्हणतात की ग्रीकमध्ये चुलतभावाला वेगळा शब्द आहे आणि पौलाने तो वापरलाही आहे. तेव्हा हे सख्खेच. कॅथलिकांचे उत्तर, की मूळ बोली अरामी होती व तीत असा वेगळा शब्द नव्हता. आपल्या मराठीत चुलतभाऊ, मामेभाऊ, मावसभाऊ हे सगळे भाऊच! मराठी भाषांतरकाराने 'भाऊ' एवढे लिहिले की दोन्ही पक्ष आपापला अर्थ घेऊन सुखाने पुढे जातात. मी हे विद्यार्थिनीला सांगितले तेव्हा ती त्या संध्याकाळी प्रथमच हसली.

दुसरा शब्द मात्र असा सुखाचा नाही. ख्रिस्ताच्या उपदेशाच्या आरंभीच एक आज्ञा आहे. जुन्या लॅटिन बायबलातून तिचा अर्थ 'प्रायश्चित्त करा' असा निघे. इरॅस्मसने १५१६ साली ग्रीक नवा करार छापला, व मूळ ग्रीक शब्दात मन पालटण्याचा भाव आहे हे पंडितांच्या ध्यानात आले. लूथरच्या १५१७ च्या ९५ विधानांपैकी पहिलेच विधान याच आज्ञेविषयी आहे. प्रायश्चित्त हे कोणी तरी सांगावयाचे व आपण करावयाचे. पश्चात्ताप आतून जाळतो, त्याला सांगणारा लागत नाही. प्रॉटेस्टंट मराठी बायबलात 'पश्चात्ताप' आला. कॅथलिक म्हणतील, पश्चात्तापावाचून प्रायश्चित्त व्यर्थ हे आम्हीही शिकवितो. खरे आहे. तरी कोणता शब्द आधी, यावर युरोपची दीड शतके रक्ताने माखली.

मराठीत कॅथलिक कथा प्रथम आली ती कानांवाटे. फादर थॉमस स्टीफन्स हा मूळचा इंग्रज. त्याचा देश प्रॉटेस्टंट झाला, आणि हा जेझुइट होऊन १५७९ मध्ये गोव्यास उतरला. नवख्रिस्तींनी आपल्या भाषेत पुराण हवे अशी मागणी केल्याचा प्रसंग त्याच्या ग्रंथाच्या आरंभी आहे. त्याने बायबलाचे भाषांतर केले नाही. आदिपासून ख्रिस्तापर्यंतची कथा दहा हजारांवर ओव्यांत रचली. ते ख्रिस्तपुराण १६१६ साली रोमन लिपीत छापले गेले. त्यात श्रोते शंका विचारतात आणि पाद्री निरसन करतो. उलट विल्यम केरीने श्रीरामपुरास १८११ साली मराठी नवा करार छापला, अमेरिकन मिशनऱ्यांनी मुंबईस १८२६ साली आपला छापला, तो वाचकाच्या हाती देण्यासाठी. एकीकडे श्रवण, दुसरीकडे वाचन. मध्ये दोनशे वर्षे.

या वादात ज्या व्यक्तीचे मला सर्वांत कौतुक वाटते, ती पंडिता रमाबाई. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथील भगिनींच्या मठात राहून तिने अँग्लिकन पंथाचा बाप्तिस्मा घेतला. हा पंथ प्रॉटेस्टंटांत गणला जातो, पण त्या भगिनी धर्ममंडळाच्या परंपरेचा अधिकार मानणाऱ्या होत्या. मंडळ शिकविते म्हणून त्रैक्य मान, असे सांगितले असता रमाबाईने मला ते बायबलात दाखवा असा हट्ट धरला. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून नुकती सुटलेली ही बाई दुसऱ्याचे जोखड घेण्यास तयार नव्हती. क्रूसावर लॅटिन अक्षरे नकोत, संस्कृत हवीत, असेही तिने त्यांना ऐकविले. पुढे केडगावच्या मुक्तिसदनात उतारवयात हिब्रू व ग्रीक शिकून तिने संपूर्ण बायबल सोप्या मराठीत उतरविले. १९२२ साली ती निवर्तली व १९२४ साली तो ग्रंथ प्रसिद्ध झाला. अर्थ स्वतः लावावयाचा म्हणजे किती श्रम, याचे याहून मोठे उदाहरण मला माहीत नाही. दोन ओळी वाचून निकाल देणाऱ्यांनी ते आठवावे.

कॅथलिकांकडेही पुढे वारे पालटले. १९६५ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने शास्त्र सर्व भाविकांस सहज मिळावे असे म्हटले व अन्य पंथीयांबरोबर भाषांतर करण्यास वाव दिला. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'सुबोध बायबल' २०१० मध्ये निघाले आणि हिंदू घरांतही वाचले गेले; २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपदही त्यांना मिळाले. मनुष्य श्रद्धेने तरतो की कर्माने, या जुन्या वादावर कॅथलिक व लूथरन यांनी १९९९ साली ऑग्सबुर्ग येथे संयुक्त निवेदन केले. २००६ साली मेथडिस्टही त्यात आले. मक्काबींचा ग्रंथ मात्र जेथे होता तेथेच आहे, आणि जेथे नव्हता तेथे नाही.

हे सर्व मी त्या मुलीला दोन-तीन बैठकींत सांगितले. काय करावे हे मात्र सांगितले नाही. तो अधिकार माझा नव्हे. मिस्सा झाल्यावर ती पुन्हा आली. तिने सासूबाईंना सांगितले होते, "आई, मामंजींसाठी मागणे माझ्या तोंडून निघणार नाही, पण तुमच्याशेजारी बसून मी स्तोत्र म्हणेन." घोर संकटातून देवाचा धावा करणारे ते स्तोत्र कॅथलिक मंडळी मृतांसाठी म्हणतात, आणि ते तिच्या माहेरच्या बायबलातही आहे. सासूबाई थोडा वेळ गप्प राहिल्या, मग बरे म्हणाल्या. घोटाळा एकच झाला. सासूबाईंच्या जुन्या प्रार्थनापुस्तकात त्याचा क्रमांक १२९, मुलीच्या बायबलात १३०. जुन्या लॅटिन गणतीत नववे व दहावे स्तोत्र एकच धरल्यामुळे हा एकाचा फरक पडतो. दोघी पाने उलटीत राहिल्या. शेवटी सासूबाईंनी पुस्तक मिटले आणि तोंडपाठ म्हणावयास सुरुवात केली.