आईची किडनी, रोजची गोळी

आईनं लेकाला किडनी दिली, तरी लेकाचं शरीर तिला परकीच मानतं. रक्तातल्या पांढऱ्या पेशी एकमेकींना रासायनिक सांगावा धाडतात. त्यातल्या एकाचं नाव इंटरल्यूकिन-२. तो पोचला की पेशी भराभर वाढतात आणि नव्या किडनीवर तुटून पडतात. टॅक्रोलिमसची गोळी हा सांगावा दाबून ठेवते. गंमत म्हणजे, भांडण आवरणाऱ्या पेशीही याच सांगाव्यावर जगतात. त्याला नुसता वैरी कसं म्हणायचं? १९५४ साली बोस्टनमध्ये भावानं भावाला दिलेली किडनी अशा गोळ्यांशिवाय टिकली, पण ते हुबेहूब जुळे होते. बाकीच्यांना गोळी रोज, ठरल्या वेळी. बरं वाटतंय म्हणून ती सोडली, तर काही दुखायच्या आधीच किडनी बिघडू लागते. लघवी कमी झाली, पाय सुजले, ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.