रक्तात काय असतं?

(वस्तीतल्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मागच्या सभेत आपल्यातलाच एक मित्र माइक धरून ओरडला, "बंड आमच्या रक्तात आहे!" टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. घरी आल्यावर मात्र झोप लागेना. बंड रक्तात असेल तर 'चोरी यांच्या रक्तातच आहे' म्हणणारा गोरा साहेबही खरा ठरतो. त्याच समजुतीवर १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा झाला अन् आईच्या पोटातनं बाहेर पडलेलं पोर जन्मतःच आरोपी ठरलं. १९५२ साली कायदा गेला, समजूत राहिली. 'बुद्धी यांच्या रक्तात नाही' म्हणणारा मास्तरही मग खराच. हे नाणं त्यांच्या टांकसाळीतलं आहे. आपण ते खिशात घालून कशाला हिंडायचं?

म्हणून आज मेंदू, जनुकं आणि वागणूक यांवर बोलणार आहे. पुढारी मंडळी कंटाळतील. त्यांना दार मोकळं आहे.

आधी एक कबूल करू. वागणुकीत जनुकांचा वाटाच नाही म्हणणं म्हणजे डोळे मिटून घेणं. जुळ्यांवरच्या पन्नास वर्षांच्या संशोधनाची गोळाबेरीज २०१५ साली प्रसिद्ध झाली. त्यात माणसामाणसांतल्या फरकांपैकी सरासरी ४९ टक्के फरक आनुवंशिक निघाला. आकडा ऐकला की काही शहाणे लगेच 'बघा, बघा' करतात. पण हा आकडा कुणा एका माणसाचा नाही, आणि दोन समाजांतल्या दरीचा तर मुळीच नाही. रिचर्ड लेवॉन्टिन या जनुकशास्त्रज्ञानं १९७० साली बियाण्याचा दाखला देऊन हे मांडलं. तो आपल्या भाषेत सांगतो. पोतं एकच, ज्वारीचं. एक ओंजळ काळ्या रानात पेरा, एक माळावर फेका. काळ्या रानातली ताटं आपसांत कमीजास्त उंच होतील, तो फरक बियाण्याचा, कारण माती सगळ्यांना सारखी. माळावरही तसंच. पण काळं रान आणि माळ यांच्यातला फरक? तो मातीचाच. बियाणं तर एकाच पोत्यातलं होतं.

आता उंदरांकडे या. कॅलिफोर्नियात बर्कलेला रॉबर्ट ट्रायॉन नावाचा मानसशास्त्रज्ञ होता. त्यानं उंदरांना भुलभुलैयात सोडलं. कमी चुकणाऱ्यांची जोडी कमी चुकणाऱ्यांशीच लावली, जास्त चुकणाऱ्यांची त्यांच्याशीच. असं पिढ्यान् पिढ्या. सातेक पिढ्यांत दोन वाण वेगळे पडले, 'हुशार' आणि 'मठ्ठ'. १९४० साली त्यानं हे छापलं. झालं! बुद्धी रक्तात असते म्हणणाऱ्यांना आणखी काय हवं?

पण १९४९ साली सर्ल यानं तेच वाण दुसऱ्या परीक्षांना बसवले. मठ्ठ सगळीकडे मठ्ठ निघेनात. ते त्या यंत्राच्या सांगाड्याला बिचकत होते. हुशारांना खाण्याची ओढ जास्त होती. म्हणजे वाणात उतरलं होतं ते भीतीचं आणि भुकेचं माप, अन् आपण त्याला नाव दिलं होतं बुद्धी. जनुक असंच काम करतं. प्रथिन कसं बांधायचं एवढंच त्याला ठाऊक. त्या प्रथिनांतनं मेंदूतले निरोपे आणि निरोप झेलणारे तयार होतात, कुठं थोडे जास्त, कुठं कमी. गणिताचं किंवा बंडाचं असं एक जनुक कुणाला सापडलेलं नाही.

१९५८ साल, कॅनडातलं मॅनिटोबा विद्यापीठ. कूपर आणि झुबेक यांनी अशाच दोन वाणांची पिल्लं घेतली. साध्या पिंजऱ्यात वाढलेल्या हुशारांच्या चुका सरासरी ११७, मठ्ठांच्या १६४. मग काही पिल्लांना उतरणी, बोगदे, चेंडू, आरसे असलेले पिंजरे दिले. मठ्ठ १२० वर आले, जवळजवळ हुशारांच्या बरोबरीला. काहींच्या पिंजऱ्यात मात्र खाणं आणि पाणी, बाकी काही नाही. तिथं हुशार आणि मठ्ठ दोघंही १७० च्या घरात. कोंडवाड्यात जातिवंत उंदीरही मठ्ठ होतो!

१९६३ साली रोझेन्थाल आणि फोड यांनी तर गंमतच केली. बारा विद्यार्थ्यांना पाच-पाच उंदीर दिले. काहींना सांगितलं, तुमचे हुशार वाणाचे. बाकीच्यांना सांगितलं, तुमचे मठ्ठ वाणाचे. उंदीर सगळे एकाच वाणाचे होते. तरी 'हुशार' उंदीर सरस ठरले, कारण त्यांना विद्यार्थी मायेनं उचलत, जास्त हाताळत. फरक होता फक्त पाटीचा.

आता उंदीर सोडा. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीतल्या ६४२ पोरांना कागदावरचे भुलभुलैये सोडवायला दिले. निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. एका वेळी सहा पोरं, तीन वरच्या जातींतली, तीन दलित. जात सांगितली नाही तेव्हा दलित पोरं बरोबरीनं सोडवत होती. मग प्रत्येकाचं नाव, गाव, बापाचं नाव, आजाचं नाव आणि जात सगळ्यांसमोर वाचून दाखवली. दलित पोरांचे सुटलेले भुलभुलैये घसरले, मोठी दरी पडली. बक्षीस चिठ्ठी टाकून द्यायचं ठरवलं तेव्हा दरी मिटली. चिठ्ठीला जात कळत नाही, पोरांना ते ठाऊक होतं. त्या दोघींनी काढलेला अर्थ हाच, की मेहनत केली तरी पदरात काही पडणार नाही अशी त्या पोरांची अपेक्षा होती. त्यांच्या रक्तात काहीही बदललं नव्हतं. बदललं असेल तर कॉर्टिसॉल नावाचं ताणाचं रसायन. ते कुणी मोजलं नाही, पण असा ताण वाढला की कपाळामागचा मेंदू हातातलं काम नीट धरून ठेवू शकत नाही, हे पक्कं झालेलं आहे.

मी सहावीत होतो. फळ्यावर व्याजाचं गणित सोडवत होतो. शिपाई दारात आला. मास्तर म्हणाले, "स्कॉलरशिपवाले उभे राहा." मी उभाच होतो, तरी सगळा वर्ग माझ्याकडे बघायला लागला. पुढची पायरी मला आठवेना. मास्तर हसून म्हणाले, "असू दे रे, तुमच्या रक्तातच नाही ते." संध्याकाळी चुलीपुढं बसून तेच गणित मी पाच मिनिटांत सोडवलं. दुसऱ्या दिवशी वही दाखवायला गेलो नाही.

आता तुम्ही बोला. मागच्या सभेतला तो मित्र समोरच बसलाय. पहिला प्रश्न त्याचा.