रात्रपाळीतला निर्णय



१२ मे हा परिचारिका दिन. त्या दिवशी मेणबत्त्या लावल्या जातात, शपथ घेतली जाते, सेवा आणि त्याग यांवर भाषणं होतात. त्या भाषणांत परिचारिकेच्या बुद्धीचा उल्लेख सहसा येत नाही. मी उमेदीची वर्षं मनोरुग्णांच्या वॉर्डात काढली, पुढे नर्सिंगच्या मुलामुलींना शिकवलं. त्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे, तेच आज मांडते. वॉर्डात रुग्णावर अन्याय होतो तेव्हा त्यामागे दुष्टपणा क्वचित असतो. बहुतेक वेळा समोर काय घडतंय हे ओळखण्यात चूक झालेली असते. आणि तिथे चूक झाली की पुढची सुई, पुढचं बांधणं, सगळं योग्यच वाटायला लागतं.

एक उदाहरण सविस्तर सांगते, कारण ते कुठल्याही वॉर्डात घडतं. तिशीचा एक तरुण. कानात आवाज येतात, शेजारी कट करताहेत असं वाटतं, म्हणून दाखल झालेला. हॅलोपेरिडॉल सुरू होऊन तीन दिवस झालेत. रात्री जेवणाचं ताट आलं तरी हा बसत नाही. दोन घास घेतो, उठतो. पॅसेजच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या मारतो. उभा राहिला तरी सारखं एका पायावरून दुसऱ्या पायावर. वॉर्डातले मामा, म्हणजे वॉर्डबॉय, 'झोप की रे बाबा' म्हणतात, तर त्यांच्यावर खेकसतो. हँडओव्हरच्या वहीत दिवसपाळीनं लिहिलंय, 'रुग्ण अस्वस्थ व आक्रमक'. केसपेपरवर ऑर्डर आहे की गरज पडल्यास आणखी एक इंजेक्शन द्यावं.

सिस्टरपुढे दोन शक्यता आहेत. एक, आजार उसळला आहे. दुसरी, हा औषधाचाच परिणाम आहे. त्याला अकॅथिसिया म्हणतात. आतून अशी तगमग होते की माणसाला एका जागी राहताच येत नाही, कधीकधी तर जीव नकोसा होतो. दुरून पाहिलं तर दोन्ही सारखीच दिसतात, आणि उपाय मात्र उलटे आहेत. अकॅथिसिया असताना तेच इंजेक्शन पुन्हा दिलं तर तगमग वाढते, तगमग वाढली की माणूस आणखी फिरतो, ओरडतो, आणि मग त्याला बांधायची वेळ येते.

यातला फरक ओळखायला कुठलं मशीन लागत नाही. सिस्टर त्याच्याबरोबर पॅसेजमध्ये चार पावलं चालते आणि विचारते, "दादा, बसायचं नाहीये, की बसवत नाहीये?" तो म्हणतो, "बसवत नाही हो सिस्टर. पायात काहीतरी वळवळतंय. चाललं की जरा बरं वाटतं." "आवाज वाढलेत का?" "नाही, आवाज तेवढेच आहेत." मग ती औषधांचा तक्ता बघते. काल डोस वाढवलेला आहे. आता ती ऑन-कॉल डॉक्टरांना फोन करणार आहे, आणि सगळा कस इथे लागतो. "सर, पेशंट व्हायलंट आहे, काय देऊ?" असं विचारलं तर पलीकडून इंजेक्शनचंच नाव येणार. पण ती जर म्हणाली, "सर, हॅलोपेरिडॉलचा तिसरा दिवस आहे, काल डोस वाढलाय, पेशंटला बसवत नाही, पायात तगमग सांगतो, आवाज वाढलेले नाहीत, मला अकॅथिसिया वाटतोय, इंजेक्शनच्या आधी तुम्ही बघून जाल का," तर गोष्ट बदलते. डोस कमी होऊ शकतो, प्रोप्रॅनोलॉलसारखी गोळी देता येते. निर्णय डॉक्टरांचाच. पण तो कशाच्या आधारावर होणार, हे त्या फोनवरच्या दोन वाक्यांनी ठरलेलं असतं.

आमच्या मुली विचारतात, "मॅडम, ऑर्डर लिहिलेली असताना आम्ही कोण विचारणारे?" मी त्यांना ऑर्डर पुन्हा वाचायला लावते. 'गरज पडल्यास' असं तिथे लिहिलेलं असतं. गरज पडली आहे की नाही, हे ठरवायचं काम त्या ऑर्डरनंच तुमच्याकडे दिलेलं आहे.

हे फक्त मनोरुग्णालयात घडतं असं समजू नका. हाडांच्या वॉर्डात चला. मोटारसायकलवरून पडून मांडीचं हाड मोडलेला माणूस, ऑपरेशन छान झालेलं. तिसऱ्या दिवशी रात्री तो चादरीवरचे किडे झटकायला लागतो. भिंतीवर माणसं दिसतात म्हणतो, सलाइन उपसतो, मोडक्या पायानं उतरू बघतो. हात थरथरतायत, अंगाला दरदरून घाम. नातेवाईक घाबरतात, 'भुलीचं औषध डोक्यात गेलं' म्हणतात. त्याला गॉजच्या पट्ट्यांनी कॉटला बांधलं जातं. प्रत्यक्षात हा रोज दारू घेणारा माणूस आहे आणि अपघातापासून त्याला ती मिळालेली नाही. शेवटच्या घोटानंतर साधारण ४८ ते ७२ तासांनी असा भ्रम सुरू होऊ शकतो. वेळेवर उपचार झाले नाहीत तर माणूस दगावतो. लोराझेपाम, थायामिन, पाणी आणि क्षार, तापावर लक्ष, हे त्याचे उपचार. नुसतं बांधून ठेवलं तर धडपडीनं तो आणखी खचतो. दाखल करताना सिस्टरनं घरच्या माणसाला बाजूला घेऊन, लाज वाटणार नाही अशा बेतानं "रोज घेतात का? शेवटची कधी घेतली?" एवढं विचारून लिहून ठेवलं असतं, तर पहिल्याच दिवशी तयारी झाली असती.

आता बांधण्याबद्दल कायदा काय म्हणतो ते सांगते. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ चा, लागू झाला २९ मे २०१८ पासून. त्याच्यामागे एरवाडी आहे. ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे तमिळनाडूत रामनाथपुरम जिल्ह्यात एरवाडीच्या एका खासगी आश्रयगृहाला आग लागली, आणि साखळदंडांनी जखडलेले २८ रुग्ण जळून गेले. त्यांना पळता आलं नाही. नव्या कायद्याच्या ९५ व्या कलमानं साखळीला पूर्ण बंदी घातली. ९७ व्या कलमानं रुग्णाला एकटं कोंडून ठेवायलाही मनाई केली. शरीर बांधायला परवानगी आहे, पण तो स्वतःला किंवा दुसऱ्याला आत्ता, या क्षणी इजा करेल आणि दुसरा उपायच नसेल, तेव्हाच. तीही उपचार करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाच्या मंजुरीनं. का बांधलं, कसं, किती वेळ, हे केसपेपरवर नोंदवायचं. रुग्णानं नेमलेल्या प्रतिनिधीला २४ तासांत कळवायचं. शिक्षा म्हणून बांधायचं नाही, आणि केवळ माणसं कमी आहेत म्हणूनही बांधायचं नाही.

हे शेवटचं वाक्य मला फार महत्त्वाचं वाटतं, आणि त्याचा रागही येतो. राग कायद्याचा नाही. ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे आपली प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. तिथल्या एखाद्या मोठ्या वॉर्डात रात्री एक सिस्टर आणि एखादा मामा असेल, एकाच वेळी दोघांना सांभाळायची वेळ आली, तर कायदा तिला सांगतो की माणसं कमी हे कारण चालणार नाही. बरोबर सांगतो. पण माणसं नेमणं तिच्या हातात नाही. ती फक्त एक करू शकते, त्या रात्री वॉर्डात किती जण ड्युटीवर होते हे नोंदीत स्पष्ट लिहू शकते. तसं लिहायला धैर्य लागतं. तुमच्यापैकी जे रुग्णालयांच्या समित्यांवर आहेत, नगरसेवक आहेत, पत्रकार आहेत, त्यांनी त्या नोंदी मागून वाचाव्यात.

नोंदी हा माझा शिकवण्याचा आवडता विषय. 'रुग्ण आक्रमक' असं लिहू नका, असं मी कायम सांगत आले. 'रात्री २ वाजता दाराला तीन वेळा लाथ मारली, घरी फोन लावून द्या असं म्हणत होता' असं लिहा. पहिलं वाचलं की इंजेक्शन आठवतं, दुसरं वाचलं की फोन आठवतो.

समोर काय घडतंय ते ओळखण्यात घरीही चूक होते, त्याचं उन्हाळ्यातलं एक उदाहरण. तुमच्या घरात कोणी लिथियम घेत असेल तर त्या दिवसांत पाणी आणि रोजचं मीठ कमी होऊ देऊ नका. निर्जळी उपास, जुलाब किंवा अंगदुखीसाठी मनानं घेतलेल्या डायक्लोफेनॅकच्या गोळ्या, यांनी रक्तातलं लिथियम धोक्याच्या पातळीला जाऊ शकतं. हात जोरात थरथरणं, झोकांड्या जाणं, जीभ जड होणं दिसलं तर 'प्यायलाय का' असं म्हणू नका, दवाखाना गाठा.

कुटुंबांकडून मला वारंवार विचारला जाणारा प्रश्न असा, "सिस्टर, तो गोळी घेत नाही, चहात घालून देऊ का?" हे विचारणारी आई थकलेली असते, तिला नीतीचे धडे देण्यात काही अर्थ नाही. पण मी तिला जे सांगते ते इथेही सांगते. त्याला आधीच वाटतंय की जेवणात कुणी काही कालवतंय. एक दिवस चहाच्या तळाशी त्याला ती पूड सापडते, आणि त्याचा भ्रम खरा ठरतो. त्यानंतर तो तुमच्या हातचं खाणार नाही, औषधही घेणार नाही. आधी तो नाही का म्हणतो ते शोधा. गोळीनं दिवसभर सुस्ती येते, वजन वाढतं, लग्नाच्या नात्यात अडचण होते, आणि हे तो आईला सांगू शकत नाही. आमच्या ब्रदरना, म्हणजे पुरुष परिचारकांना, बऱ्याचदा सांगतो. डोस रात्री देता येतो, औषध बदलता येतं, महिन्यातून एकदा घ्यायची इंजेक्शनं आहेत, ती त्याला विचारून देता येतात. कायद्याच्या चौथ्या कलमात म्हटलंय की एखाद्याचा निर्णय इतरांना चुकीचा वाटला, एवढ्यावरून त्याला निर्णयाची क्षमताच नाही असं धरता येणार नाही. गोळी नको म्हणणाऱ्या प्रत्येकाला समज नसते, असं नाही.

आणि समज खरोखरच गेलेली असते त्या दिवसांसाठी याच कायद्यात एक सोय आहे, जी आपण फार थोडी वापरतो. कुठल्याही सज्ञान माणसाला, तो बरा असताना, पुढे आजारी पडलो तर माझ्यावर कसे उपचार व्हावेत आणि कसे होऊ नयेत हे आगाऊ लिहून ठेवता येतं, आपला प्रतिनिधी नेमता येतो. आणीबाणीच्या उपचारांना हा कागद आड येत नाही, पण बाकी वेळी त्याला कायद्याचं बळ आहे. डिस्चार्जच्या आदल्या दिवशी, माणूस सावरलेला असताना, सिस्टरनं त्याच्याजवळ बसून विचारावं, "पुन्हा यायची वेळ आलीच, तर आम्ही काय करावं, काय करू नये?" माणसं काय सांगतात ते ऐका. ते अमुक इंजेक्शन नको, त्यानं माझी मान वाकडी होते. सुई देणार असाल तर आधी सांगा, मागून धरू नका. माझे केस कापू नका. नवऱ्याला नको, बहिणीला फोन करा. संध्याकाळी मला थोडा वेळ एकटीला बसू द्या. यातली केस कापण्याची सक्ती कायद्यानं आधीच बंद केली आहे, तरी बायका ती भीती बोलून दाखवतात.

यातली एकही मागणी अवास्तव नाही, आणि बहुतेकांना पैसा लागत नाही. हा कागद कायद्यातल्या मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाकडे रीतसर नोंदवायचा, आणि त्याची एक प्रत केसपेपरच्या पहिल्या पानाला लावायची. रात्री दोन वाजता रुग्ण परत दाखल होतो तेव्हा ड्युटीवरची सिस्टर नवी असते, तिनं त्याला कधी पाहिलेलं नसतं. तिच्या हातात सर्वांत आधी तोच कागद पडायला हवा.