लक्ष्या, अबूराव आणि आमचे अप्पा

(ज्यांना ऐकायला वेळ नाही त्यांच्यासाठी या भागाचा मजकूर. बोलण्यातले "म्हणजे" आणि "काय म्हणतात त्याला" थोडे कमी केलेत. बाकी आहे तसंच.)

आज आवाज जरा वेगळा येत असेल, कारण मी पुण्यातल्या खोलीत नाही, गावी आलोय. किल्लारीला. मागं कुत्री भुंकतायत. मध्येच लाईट गेली तर फॅनची घरघर बंद होईल, तेवढाच फायदा.

आज 'एक होता विदूषक'बद्दल बोलायचंय. बऱ्याच जणांनी नाव ऐकलेलं असतं, पिक्चर बघितलेला नसतो. मीही पंचवीस वर्षांचा होईपर्यंत बघितला नव्हता. आणि लक्ष्मीकांत बेर्डे म्हटलं की माझ्याही डोळ्यांपुढं 'बनवाबनवी'तली पार्वतीच यायची.

आधी एक गंमत. आमच्या कोडिंगमध्ये टाईपकास्टिंग म्हणतात ते एका प्रकारची गोष्ट दुसऱ्या प्रकारात बदलण्याला. आकडा होता, त्याची अक्षरं केली, झालं टाईपकास्ट. सिनेमात तोच शब्द बरोब्बर उलटा वापरतात. तिथं टाईपकास्ट झाला म्हणजे माणूस एका प्रकारात अडकला, आता बदलायची सोय नाही. बेर्डेंचं हे दुसरं झालं होतं. 'टुरटुर' नाटकानं नाव झालं, १९८५ ला 'धूमधडाका', १९८८ ला 'अशी ही बनवाबनवी', पुढच्या वर्षी 'थरथराट'. हिंदीत 'मैंने प्यार किया'. नुसता पडद्यावर आला तरी लोक हसायला लागायचे, अजून एक शब्द बोललेला नसायचा.

अशा माणसाला १९९२ मध्ये जब्बार पटेलांनी अबूरावची भूमिका दिली. जब्बार पटेल म्हणजे 'सामना', 'सिंहासन', 'उंबरठा' वाले. पटकथा पु. ल. देशपांड्यांची. १९५३ च्या 'गुळाचा गणपती'नंतर इतक्या वर्षांनी पुलं पिक्चरसाठी लिहीत होते. गाणी ना. धों. महानोरांची, म्हणजे आपल्या मराठवाड्याच्या माणसाची, आणि संगीत आनंद मोडकांचं. अबूराव हा तमाशातल्या बाईचा पोरगा. आई झाल्यात मधू कांबीकर, आणि काय काम केलंय त्यांनी! पोरगा फडावर सोंगाड्या होतो, तिथून सिनेमात जातो, तिथून राजकारणाच्या स्टेजवर. सगळीकडं त्याच्याकडून एकच पाहिजे असतं, हसव. आणि घरात एक मुलगी आहे जी हसत नाही.

आता माझं मत. पिक्चर लांब आहे. राजकारणाचा भाग सुरू झाला की मला घड्याळ आठवलं, खोटं कशाला बोलू. पण बेर्डे कुठंच सुटत नाहीत. आपल्याकडं विनोदी नटानं गंभीर काम केलं की लगेच म्हणतात, "बघा, आता खरा अभिनय केला." मला हे वाक्य पटत नाही. म्हणजे आधीची दहा वर्षं काय खोटं काम करत होता का? पार्वतीच्या साडीत जे टायमिंग आहे, तेच इथं आहे. तिथं अर्ध्या सेकंदाच्या थांबण्यावर तुम्ही हसता. इथंही तो तेवढाच थांबतो, फक्त पुढं हशा ठेवलेला नाही. आपण सवयीनं हसायला तोंड उघडतो आणि तसंच राहतं. हे दुसऱ्या कुणा गंभीर नटाला जमलं नसतं, कारण त्याच्या थांबण्यावर हसायची सवय आपल्याला नाही.

पिक्चरला मराठीतल्या उत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं. नृत्यदिग्दर्शनाचंही मिळालं, लक्ष्मीबाई कोल्हापूरकरांना. थेटरात मात्र चालला नाही. लोक 'लक्ष्या'ला बघायला आले आणि तिथं अबूराव निघाला. 'मेरा नाम जोकर'चं १९७० मध्ये असंच झालं होतं. पुढच्याच वर्षी 'झपाटलेला' आला, तात्या विंचू आला, आणि सगळे परत खूश. पुढं बाकी विनोदी नटांनाही अशी कामं मिळाली. मकरंद अनासपुरे 'गोष्ट छोटी डोंगराएवढी'त, भरत जाधव 'झिंग चिक झिंग'मध्ये, दोघंही शेतकरी. चांगलीच कामं आहेत ती. पण बेर्डेंना असं दुसरं काम काही मिळालं नाही, आणि २००४ च्या डिसेंबरात ते गेलेच.

'झपाटलेला'चं साल लक्षात ठेवा. १९९३. आमच्या गावात त्या सालाला दुसराच अर्थ आहे.

माझा जन्म भूकंपानंतरचा. मी नव्या किल्लारीत वाढलो, आखून दिलेल्या सरळ रस्त्यांच्या गावात. जुनं गाव मी फक्त ऐकलंय. दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीचं माळवद. आदल्या दिवशी गणपती बोळवून लोक झोपले होते, आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे चारच्या सुमाराला त्या भिंती आणि ते माळवदच अंगावर आलं. सगळ्या भागात मिळून जवळपास दहा हजार माणसं गेली. आमच्या घरात अप्पांचे आई-वडील आणि धाकटी बहीण. अप्पा तेव्हा एकोणीस वर्षांचे. त्यांना पुढं सांभाळलं चुलतीनं. आम्ही तिला मोठी आई म्हणायचो.

हे मला अप्पांनी कधी सांगितलेलं नाही. सगळं इकडून तिकडून कळलेलं. अप्पांची गावात ओळख म्हणजे नकला. लग्नात, गणपतीत, बाजारात. लक्ष्याचा आवाज तर असा काढतात की लहान पोरं मागं लागतात. लहानपणी मला त्याचा अभिमान होता. मोठा झालो, शिकायला बाहेर पडलो, आणि लाज वाटायला लागली. आहे ते सांगतोय.

गेल्या वर्षी मोठी आई गेली. तेराव्याला पाहुणे जेवायला बसलेले, आणि अप्पांनी तिचीच नक्कल सुरू केली. ताट पुढं ढकलून, कमरेवर हात ठेवून ती कशी ओरडायची, ते. पंगत हसायला लागली. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "अप्पा, जरा तरी लाज वाटू द्या." ते गप्प झाले. त्यानंतर चार महिने फोनवर आमचं बोलणं म्हणजे "पैसे पोचले का" आणि "पोचले".

परवा मी इथं लॅपटॉपवर हाच पिक्चर लावून बसलो होतो, या भागाच्या तयारीसाठी. अप्पा आले. "काय बघलालास रे?" म्हटलं, लक्ष्याचा आहे, पण कॉमेडी नाही. म्हणाले, "बघू की." आणि बसले. मला वाटलं दहा मिनिटांत उठतील. उठले नाहीत. अबूराव सगळ्यांना हसवून आत येतो आणि चेहरा पुसल्यासारखा रिकामा होतो, तिथं ते एवढंच म्हणाले, "ह्याला आता हसवायचं कामच लागलंय." मी पिक्चर थांबवला नाही. स्क्रीनकडंच बघत राहिलो, कारण तिकडं बघितलं असतं तर ते गप्प बसले असते.

मग ते आपणहून बोलायला लागले. पत्र्याच्या शेडमधल्या दिवसांबद्दल. रस्त्यानं ट्रक गेला तरी पोरं किंचाळत उठायची. झोपायचं नाव नाही. मग हे रात्री लक्ष्या व्हायचे. 'धूमधडाका' पाठ होता, तो अख्खा करून दाखवायचे, सगळ्यांचे आवाज एकटेच काढून. पोरं झोपायची. पण मोठी आई रडत पण नव्हती आणि जेवत पण नव्हती. तिची स्वतःची दोन लेकरं गेली होती. एका रात्री ह्यांनी तिचीच नक्कल केली. ताट पुढं ढकलून, कमरेवर हात ठेवून, "गिळ की मेल्या, का मी भरवू?" ती बघतच राहिली. मग हसली, हसता हसता रडली, आणि भाकरी खाल्ली.

तेराव्याला केली ती हीच नक्कल.

मी काही बोललो नाही. माफी वगैरे मागायची आमच्या घरात पद्धत नाही, आणि मागितली असती तर त्यांनी माझीच नक्कल केली असती. तेवढ्यात शेताकडची लाईट आली. ती कधी येईल, कधी जाईल सांगता येत नाही. ते बॅटरी घेऊन मोटार चालू करायला गेले. पिक्चरची शेवटची वीसेक मिनिटं राहिली. मीही पुढं बघितला नाही, तिथंच थांबवून ठेवलाय.

उद्या सकाळच्या गाडीनं मी पुण्याला निघतोय. म्हणून राहिलेला आज रात्री बघायचं ठरलंय. जाताना दारातून त्यांनी विचारलं होतं, "ती पोरगी हसती का शेवटी?" मला माहितीय, मी आधी बघितलाय. म्हटलं, सांगणार नाही, बघा.