हाताच्या तासाचा भाव

(जिल्हा बैठकीत महिला आघाडीच्या एका कार्यकर्तीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



मागच्या हंगामात आमच्या तालुक्याच्या गावी कापसाच्या प्रश्नावर सभा झाली. भाव, आयात, बोंडअळी, सगळे बोलून झाले. शेवटी व्यासपीठावरचे एक साहेब उठले. म्हणाले, "भाव काही तुमच्या-माझ्या हातात नाही. पण घरच्या महिलांच्या हाताला काम देता येईल. चरखा द्या, शिलाई मशीन द्या, गोधड्या शिवू द्या, विणकाम शिकवा. दुपारचा रिकामा वेळ सत्कारणी लागेल, घरात चार पैसे येतील." टाळ्या पडल्या. खोटे कशाला सांगू, मीही वाजवल्या.

परत येताना गाडीत शेजारी आमच्या गावची एक म्हातारी बसली होती. ती म्हणाली, "वो बाई, माही दुपार रिकामी कवा असते, थे त्या सायबाले इचार."

मला उत्तर देता आले नाही. मग वही घेतली, जाणत्या बायांना विचारले आणि हिशेब केला. तो हिशेब आज तुमच्यापुढे मांडते. चरखा वाईट, मशीन वाईट, असे मी म्हणणार नाही. सुईदोरा हातात घेतल्याशिवाय मलाही करमत नाही. प्रश्न एवढाच आहे की बाईच्या हाताच्या एका तासाची किंमत काय, आणि ती कोणी मोजली?

एक मीटर कापडाचा हिशेब

आपण कापूस पिकवतो, तेव्हा आधी सूतच घेऊ. अंगात घालायच्या साध्या कापडाचा एक मीटर धरा. पन्हा ११५ सेंटिमीटर. दर सेंटिमीटरला सोळा धागे उभे आणि सोळा आडवे. उभे धागे १,८४० मीटर, आडवे तेवढेच. विणताना धागा वळतो, तुटतो, वाया जातो. सगळे मिळून एका मीटर कापडाला सुमारे ४,००० मीटर सूत लागते. खादीच्या भाषेत हजार मीटरची एक गुंडी, म्हणजे चार गुंड्या.

हे सूत वीस नंबरचे असेल तर वजन भरते १२० ग्रॅमच्या आसपास. पिंजताना, कातताना होणारी घट धरून दीडशे ग्रॅम रुई लागेल आणि त्यासाठी साडेचारशे ग्रॅम कापूस. २०२५-२६ च्या हंगामाला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये जाहीर झाला. त्या भावाने एका मीटर कापडातला आपला कापूस साडेछत्तीस रुपयांचा. हमीभावाने विकला गेला तर! त्याच वर्षी १९ ऑगस्टपासून ३१ डिसेंबरपर्यंत कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क माफ झाले होते. आपला कापूस घरात यायचा आणि परदेशी गाठी बंदरात यायच्या, दोघांची वेळ एकच.

आता हाताचे तास मोजा. पेटी चरख्यावर सरावाचा हात तासाला तीनशे मीटरच्या आसपास सूत काढतो. चार हजार मीटरला तेरा तास. हे नुसते कातण्याचे. सरकी काढणे, पिंजणे, पेळू करणे त्याच्या आधी, आणि विणकराचे काम त्याच्या नंतर.

खादी आयोगाने १ एप्रिल २०२५ पासून कताईचा दर गुंडीला १५ रुपये केला, त्याआधी साडेबारा होता. तासाला तीनशे मीटर म्हणजे तासाचे साडेचार रुपये. आठ तास पाठ मोडून बसलेल्या बाईला छत्तीस रुपये! त्याच २०२५-२६ सालासाठी रोजगार हमीची महाराष्ट्रातली मजुरी होती दिवसाला ३१२ रुपये, म्हणजे आठ तास धरले तर तासाला ३९. त्या मजुरीने तेरा तासांचे ५०७ रुपये होतात. एका मीटरच्या नुसत्या सुताचे. एवढ्यात तर दुकानात तयार कपडा मिळतो.

कोणी म्हणेल, ताई, जुना पेटी चरखा कशाला धरता? अंबर चरखा घ्या. बरे, घेऊ. आठ चात्यांच्या अंबर चरख्यावर सरावाची बाई दिवसाला वीसेक गुंड्या काढते, म्हणजे तीनशे रुपये. रोजगार हमीच्या जवळपास गेले, हे कबूल. पण त्या चरख्याला तुमच्या घरचा पेळू चालत नाही. त्याला यंत्रावर तयार झालेली एकसारखी पूणी लागते. म्हणजे कापूस आपल्या घरातून गाडीत जाणार, जिनात जाणार, पूणी होऊन परत येणार, आणि आपण ती मजुरीने कातणार. माल आपला राहिला नाही, नुसते हात आपले राहिले. ज्या गावात दुसरे काम नाही, तिथल्या भूमिहीन बहिणीला त्याचा आधार आहे. तिने तो जरूर घ्यावा. पण कापसाचा भाव बुडाला त्याची भरपाई म्हणून हे कोणी पुढे करू नये.

गांधीबाबांनीही तास मोजला होता

इथे कोणी म्हणेल की ही बाई चरख्याच्या विरोधात बोलते. वर्धा जिल्हा आपल्या शेजारचा, तेव्हा तिथलीच गोष्ट सांगते.

चरखा संघ निघाला १९२५ साली. १९२९ मध्ये संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस लावले. अटी काय होत्या? किंमत दीडशे रुपयांच्या आत हवी, आणि साधारण ताकदीच्या बाईला फार न थकता त्यावर आठ तास काम करता आले पाहिजे. ते बक्षीस कोणालाही मिळाले नाही. कातणारणीचा हात थकतो, हे त्या लोकांना तेव्हाच ठाऊक होते.

पुढे १९३५ साली गांधीजी वर्ध्याला असताना त्यांनी मजुरीचा प्रश्न काढला. दिवसभर कातून बाईच्या हाती एक-दोन आणे पडत. गांधीजींचे म्हणणे, आठ तासांच्या कामाला आठ आणे मिळाले पाहिजेत. कार्यकर्ते घाबरले. खादी महाग होईल, गिऱ्हाईक जाईल. शेवटी मजुरी वाढली, पण आठ आण्यांपर्यंत पोचली नाही. त्याच साली विनोबांनी वर्ध्याजवळ नालवाडीला स्वतः रोज आठ तास सूत कातले आणि कातणाऱ्या बाईला जी मजुरी मिळते तेवढ्यात जगून पाहिले. बाईला उपदेश करण्याआधी तिच्या जागी बसून पाहिले!

आमच्या सभेतल्या साहेबांना मी एवढेच सांगेन, आठ दिवस बसून पाहा. मग टाळ्या आम्ही वाजवू.

वीस हजार टाके

आता गोधडीकडे या. कोणी वाकळ म्हणा. ही आपल्या घरची विद्या. आईकडून लेकीकडे आली, शाळेत कोणी शिकवली नाही. खाली जुने लुगडे अंथरायचे, मधे धोतराचे, सदऱ्याचे तुकडे बसवायचे, वर दुसरे लुगडे, आणि कडेपासून धावदोरा घालत जायचे. आजीच्या लुगड्याचा तुकडा नातवाच्या अंगावर येतो. त्याची किंमत पैशात करू नये, हे मलाही मान्य आहे.

पण विकायला काढली की पैशातच करावी लागते. सात फूट लांब, पाच फूट रुंद गोधडी घ्या. इंचाइंचावर ओळ म्हणजे साठ ओळी. एक ओळ ८४ इंच. इंचाला चार टाके धरले तर एका गोधडीला वीस हजारांवर टाके होतात! आमच्या गावात दोन बायांनी चुलीवरच्या घड्याळात पाहून वेळ लिहून ठेवली. जोडणी, दोरा भरणे, टाके, सगळे धरून ४५ तास लागले. ३९ रुपयांनी ४५ तासांचे १,७५५ रुपये होतात. दोरा आणि कापड वेगळे.

आणि आमच्याकडे फिरतीवर आलेला व्यापारी गोधडीला किती देत होता? पाचशे. म्हणजे तासाला अकरा रुपये. बाई खूश होती, कारण तिने फक्त दोऱ्याचे साठ रुपये खर्चात धरले होते. "बाकी काय, घरचंच तर काम," म्हणाली.

भावांनो, आता तुम्हाला विचारते. "घरचेच तर काम" हे वाक्य तुम्ही दुसरीकडे कुठे ऐकले आहे?

कापसाचा उत्पादन खर्च काढताना ऐकले आहे. निंदणी घरच्या बायकांनी केली, वेचणी घरच्या बायकांनी केली, मग खर्च कसला? या एका वाक्यावर आपण वर्षानुवर्षे भांडलो. आज हमीभावाच्या हिशेबात घरच्या माणसांच्या श्रमाची किंमत धरली जाते. ती कमी धरतात, ते भांडण अजून चालू आहे. जमिनीचा खंड आणि भांडवलाचे व्याजही धरा, ही मागणी चालूच आहे. पण घरचे श्रम फुकट नसतात, एवढे तरी कागदावर आले.

मग जो हिशेब आपण सरकारला मागतो, तो आपल्या ओसरीवर का करत नाही? दिल्लीला घामाचे दाम मागायचे आणि घरात बायकोच्या घामाला "रिकामा वेळ" म्हणायचे, ही दोन मापे झाली. व्यापारी दोन मापे ठेवतो म्हणून आपण त्याला शिव्या देतो.

मग करायचे काय?

हाताची कामे सोडायची नाहीत. पण तीन प्रकारची कामे तीन वेगळ्या खात्यांवर मांडायची.

पहिले खाते घरच्या वापराचे. गोधडी, बाळाचे झबले-कुंची, फाटके शिवणे, उशा-गाद्या. यात बाजारचा पैसा वाचतो आणि मनाला समाधान मिळते. हे काम तासाने मोजू नका, पण ते एकट्या बाईवर टाकू नका. आणि एक सोय सांगते. कवडी कापसाला व्यापारी फारसा भाव देत नाही. तोच कापूस सरकी काढून, कडक उन्हात वाळवून, पिंजून घेतला तर गादी-उशीला चालतो. चांगल्या रुईच्या वाती वळता येतात, त्याला चरखाही लागत नाही. मात्र कवडी कापूस पावसाळ्यापर्यंत घरात साठवू नका. गुलाबी बोंडअळी त्याच किडक्या सरकीत दडून बसते आणि नव्या पिकावर येते.

दुसरे खाते विक्रीचे. गोधडी, पिशव्या, तोरणे, क्रोशाचे रुमाल, वाती. इथे पहिल्या टाक्यापासून तास लिहायचे. माल अधिक तास, तास गुणिले गावात चालणारी मजुरी. त्याच्या खाली विकायचे नाही. शहरातल्या प्रदर्शनात हाताच्या गोधडीला पाचशेपेक्षा कितीतरी जास्त देणारे गिऱ्हाईक असते. पण एकटी बाई तिथे पोचत नाही, दहा जणींनी मिळून गेले तर पोचते. आणि एकीने पाचशेला दिली की दहाजणींचा भाव पडतो. कापसाच्या बाजारात आपण हे भोगले आहे, गोधडीच्या बाजारात पुन्हा भोगू नये.

तिसरे खाते नगावर मजुरीचे. कापड दुसऱ्याचे, मशीन आपले, दर नगाला. आमच्या भागात अशा कामासाठी मशीन वाटली गेली. दोरा, सुई, तेल, वीज बाईच्या अंगावर, आणि टाका चुकला तर कपातही तिचीच. काम घेण्याआधी एक दिवस घड्याळ लावून करून पाहा. खर्च वजा जाता तासाला काय पडते ते काढा. रोजंदारीच्या खाली पडत असेल तर एकत्र जाऊन दर वाढवून मागा. नाही दिला तर नको म्हणा. नाही म्हणणे हासुद्धा व्यवहार आहे.

आणि म्हातारीच्या प्रश्नाचे उत्तर राहिले. तिच्या दुपारचीही आम्ही नोंद केली. सकाळी वेचणीला गेलेली बाई दोनला परत. मग पाणी, शेळ्या, ज्वारी निवडणे, नातवाचे जेवण. चार दिवसांत मिळून तिला सव्वा तास मोकळा सापडला, आणि त्यातला पाऊण तास ती झोपली. त्या पाऊण तासाला कोणी चरखा जोडू नये, असे माझे मत आहे.

या बैठकीने तीन गोष्टी ठरवाव्यात. एक, प्रत्येक गावात पाच बायांनी महिनाभर शेतातले, घरातले आणि सुईवरचे तास वहीत लिहावे. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोरीने लिहावे. दोन, विक्रीच्या कामाचा तासाचा दर गावाने बसून ठरवावा. तीन, यापुढे कापसाच्या भावाच्या सभेत कोणी जोडधंद्याचे नाव काढले, तर त्याला आधी कापसाच्या भावाचे उत्तर मागावे. जोडधंदा हा जोड आहे. मूळ धंदा बुडवून जोड कशाला लावायची?

पुढच्या बैठकीला येताना वह्या घेऊन या. त्या एकत्र केल्या की उत्पादन खर्चाच्या भांडणात आपल्याजवळ आपलेच आकडे असतील.

एवढे सांगते आणि थांबते.