दबक्या आवाजातला जयभीम

धम्मबंधू-भगिनींनो, सविनय जयभीम.

आज आम्ही हा शब्द माईकवरून म्हणतो, पण शिरपुरात शाळेत होतो तेव्हा दबक्या आवाजात म्हणायचो. चारचौघांत वेगळं दिसू नये म्हणून घरची अहिराणीही उंबऱ्याच्या आतच ठेवायचो. साताऱ्याच्या शाळेत बाबासाहेबांना घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळं बसावं लागे. त्यांना लपायची सोयच नव्हती. आम्हाला होती, आणि आम्ही ती वापरली!

एकदा माय डबा घेऊन शाळेत आली. मित्र म्हणाले, "नमस्कार, मावशी." ती खणखणीत म्हणाली, "जयभीम, बाळांनो." सगळ्यांनी आमच्याकडे पाहिलं. आम्ही मान वळवली. तिनं ते पाहिलं. डबा ठेवला, मुकाट्यानं गेली. घरीही कधी बोलली नाही.

आज ती इथं पहिल्या रांगेत बसली आहे.

माय, जयभीम.