आंबोशीचा हिशेब



आगोट तोंडावर आली आहे. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस आपल्या शेलूच्या वेशीवर येऊन उभा राहील. त्याच्या आत आंबोशी वाळली पाहिजे. ओली राहिली तर बुरशी धरते आणि सारी मेहनत उकिरड्यावर जाते. म्हणून आज आम्ही वाळवणाचा हिशेब सांगणार आहोत. तुम्हांला बेरीज-वजाबाकी येते ना? मग झाले.

कैरीच्या गरात 100 भागांपैकी 80 भागांहून जास्त पाणीच असते. उन्हात ते उडून जाते. बाकीचा गर कुठे जात नाही. तेव्हा जेवढे वजन घटले, तेवढे पाणी गेले.

समजा, साल आणि कोय काढून 10 किलो फोडी झाल्या. पुरत्या वाळल्या की त्यांची 2 किलो आंबोशी भरेल असे धरू. त्या 2 किलोंतही पाव किलोच्या आसपास पाणी राहतेच. हवेतच ओलावा आहे, मग फोड अगदी ठणठणीत कोरडी कशी होईल? म्हणजे उडण्याजोगे पाणी 8 किलो.

ते रोज सारखे उडते काय? नाही. पहिल्या दिवशी त्यातले निम्मे, म्हणजे 4 किलो गेले, तर दुसऱ्या दिवशी उरलेल्याचे निम्मे, 2 किलो जाते. तिसऱ्या दिवशी 1 किलो, चौथ्या दिवशी अर्धा, पाचव्या दिवशी पाव. रोज संध्याकाळी वजन असे भरेल: 6 किलो, 4, 3, अडीच, सव्वादोन. जेवढे उरले, त्या मानाने जाते. अमेरिकेतल्या ल्युईस नावाच्या अभियंत्याने 1921 साली हा नियम मांडला. पुढे 1949 साली पेज याने मका वाळवून पाहिला. नियम नीट बसावा म्हणून त्याने त्यात आणखी एक आकडा घातला. आपल्या अंगणातही तो तंतोतंत बसणार नाही. ‘निम्मे’ आम्ही शिकवण्यापुरते धरले. तुमचा आकडा तुमच्या तराजूने काढा.

तो ऊन-वाऱ्यावर ठरतो, आणि फोडीच्या जाडीवर तर फारच. आतल्या पाण्याला वर यायला वाट चालावी लागते. जाडी दुप्पट केली तर वेळ चौपटीच्या घरात जातो. तासगावकडे द्राक्षांचा बेदाणा करतात. द्राक्षाच्या सालीवर मेणाचा पातळ थर असतो, तो पाणी अडवतो. म्हणून आधी द्राक्षे पोटॅशियम कार्बोनेट आणि खास तेल घातलेल्या पाण्यात बुडवतात, मग सावलीत वाळवतात. आपण साल काढतो, तेवढा खटाटोप वाचतो.

आता पैशाची गोष्ट. 10 किलो फोडींची 2 किलो आंबोशी झाली. म्हणजे फोडींच्या पाचपट भाव आला, तर कुठे फोडींचे पैसे निघाले! शिवाय साल-कोय फुकट गेली ती वेगळी. चिरायचे, कावळे हाकायचे, सांजेला आत घ्यायचे, ही मजुरी कोण धरणार? कोणी तिप्पट भाव देऊन उपकार केल्याचा आव आणील, तर वही पुढे करा. उलट अडीच किलोंवरच विकायचा मोहही होतो, पाण्याचे पैसे मिळतात ना! पण तसला माल बुरसतो, आणि पुढच्या साली ते गिऱ्हाईक दाराशी येत नाही.

सगळे वाळवण रोज तोलायला नको. एकच सूप वेगळे ठेवा. रिकाम्या सुपाचे वजन आधी लिहा. लागोपाठ दोन दिवस कडक ऊन पडूनही वजन हलले नाही, तर आंबोशी झाली. ढगाळ दिवशी वजन थांबले तर ते खरे धरू नका. मग डब्याचे झाकण घट्ट लावा. उघडी राहिली तर ती सादळते, हवेतले पाणी परत ओढून घेते. मीठ लावणाऱ्यांनी पहिले वजन मीठ लावल्यावर घ्यावे, नाहीतर मिठाचे वजन हिशेबात घोटाळा करते.